लोकशाही आणि भांडवलशाही वर्गात कशी शिकवावी: दोन प्रश्न, दहा तास

चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या कोणत्याही वर्गात "लोकशाहीच्या विरुद्ध काय?" असे विचारून पाहावे. काही मुले 'हुकूमशाही' म्हणतील आणि काही मुले तितक्याच ठामपणे 'साम्यवाद' म्हणतील. दुसरे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे ज्याला सांगता आले त्याला निम्मा विषय समजला असे मी मानतो. सत्ता कोणी वापरावी आणि ती वापरणाऱ्याला शांततेच्या मार्गाने कसे दूर करता यावे, या प्रश्नाला लोकशाही उत्तर देते. भांडवलशाहीचा प्रश्न वेगळा आहे. जमीन, यंत्रे आणि पैसा यांची मालकी कोणाची, आणि काय, किती व कोणत्या किमतीला निर्माण व्हावे हे कसे ठरते, हा तो प्रश्न. हे दोन प्रश्न मुलांच्या मनात एकमेकांपासून सुटे झाले, तरच पुढे ते एकमेकांना कोठे आधार देतात आणि कोठे भिडतात हे त्यांना पाहता येते.

आपल्या भाषेमुळे हा गुंता थोडा वाढला आहे. राजेशाही, हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही या शब्दांच्या रांगेत लोकशाही शोभून दिसते, कारण त्या प्रत्येक शब्दात सत्ता कोणाच्या हाती आहे हे सांगितलेले असते. भांडवलशाही हा शब्दही त्याच साच्यातला असल्यामुळे ती राज्यकारभाराचीच एक पद्धत असावी असे मुलांना वाटते. शिवाय 'भांडवलाची सत्ता' असा एक निवाडा त्या शब्दातच दडलेला आहे. याउलट 'बाजार अर्थव्यवस्था' हा शब्द इतका सौम्य आहे की त्यात मालकीचा प्रश्न झाकला जातो. म्हणून हे दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि कोणता शब्द कोणत्या मताची माणसे पसंत करत असतील, असे मुलांना विचारावे.

पुढे दिलेली आखणी चाळीस मिनिटांच्या दहा तासांची आहे. साहित्य म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या, जाड कागदाची कार्डे, थोड्या कात्र्या, डिंक, रद्दी कागद आणि टोकन म्हणून वापरता येतील असे मणी किंवा बटणे एवढे पुरते.

पहिला टप्पा: आधी मुलांच्या मनात काय आहे ते लिहून घ्यावे (एक तास)

व्याख्या सांगून सुरुवात करू नये. मी कित्येक वर्षे तशीच सुरुवात करत होतो. मुले व्याख्या अचूक पाठ करत, परीक्षेत उतरवून काढत, आणि मनातला मूळ समज होता तसाच राहत असे. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी आणि तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहायला सांगावीत: एखाद्या देशात लोकशाही आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल? एखाद्या देशात भांडवलशाही आहे हे कशावरून ओळखाल? यांपैकी एक असून दुसरी नसलेला देश असू शकतो का? चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात बंद कराव्यात. त्यांवर त्या दिवशी काहीही टिप्पणी करू नये, कारण शेवटच्या तासाला त्या परत द्यायच्या आहेत.

उरलेल्या वेळात फळ्यावर दोन आडव्या ओळी लिहाव्यात: 'सत्ता कोणाकडे, आणि ती काढून घेता येते का?' आणि 'मालकी कोणाची, आणि किंमत कशी ठरते?' ही दोन वाक्ये दहाही तास भिंतीवर लावून ठेवावीत. पुढे कोणताही देश, कायदा किंवा प्रसंग चर्चेत आला की तो यांपैकी कोणत्या ओळीखाली येतो हे आधी विचारायचे, ही सवय पहिल्याच दिवशी लागावी.

दुसरा टप्पा: मतदान म्हणजे काय, हे मोजून दाखवावे (दोन तास)

'ज्याला जास्त मते तो जिंकला' एवढ्यावर मुलांची लोकशाहीची कल्पना थांबलेली असते. ती पुढे नेण्यासाठी आकडेमोडीइतके प्रभावी साधन मला दुसरे सापडलेले नाही. वीस मुलांनी सहलीचे ठिकाण ठरवायचे आहे असे समजावे. पर्याय तीन आहेत: समुद्र, जंगल आणि संग्रहालय. आठ मुलांचा पसंतीक्रम समुद्र, संग्रहालय, जंगल असा आहे. सात मुलांचा क्रम जंगल, संग्रहालय, समुद्र असा आहे. उरलेल्या पाच मुलांचा क्रम संग्रहालय, जंगल, समुद्र असा आहे. हे क्रम कार्डांवर लिहून वाटावेत आणि तीच वीस कार्डे तीन पद्धतींनी मोजावीत.

पहिल्या पद्धतीत फक्त पहिली पसंती मोजायची. समुद्राला आठ, जंगलाला सात आणि संग्रहालयाला पाच मते पडतात, म्हणून समुद्र जिंकतो. दुसऱ्या पद्धतीत सर्वांत मागे राहिलेला पर्याय बाद करून उरलेल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यायचे. संग्रहालय बाद होते, त्याची पाचही मते जंगलाकडे वळतात, आणि जंगल बारा विरुद्ध आठ मतांनी जिंकते. तिसऱ्या पद्धतीत प्रत्येक दोन पर्यायांची समोरासमोर तुलना करायची. संग्रहालय समुद्राला बारा विरुद्ध आठ मतांनी हरवते आणि जंगलाला तेरा विरुद्ध सात मतांनी, म्हणजे या पद्धतीत संग्रहालय जिंकते. मते तीच, मतदार तेच, आणि विजेते तीन वेगळे.

हे घडताना पाहिल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिला थोडा वेळ द्यावा, लगेच स्पष्टीकरण देऊ नये. मग सांगावे की फ्रेंच गणिती कोंडोर्से याने १७८५ मध्येच मतमोजणीतील अशा अडचणींची मांडणी केली होती. ब्रिटनच्या संसदेसाठी आजही पहिली पद्धत वापरली जाते आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन फेऱ्यांची. 'बहुमत' ही आपोआप सापडणारी वस्तू नाही. ती ज्या नियमाने मोजली जाते तो नियमही लोकशाहीचाच भाग आहे, आणि तो कोण ठरवतो हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारला की तास सार्थकी लागला असे समजावे.

दुसऱ्या तासाची सुरुवात एका ठरावाने करावी: वर्गातील वीस मुले मतदान करून ठरवतात की उरलेल्या दहा मुलांनी वर्षभर वर्ग झाडायचा. मतदान गुप्त होते, मोजणी अचूक होती, बहुमत स्पष्ट होते. ही लोकशाही झाली का? बहुतेक मुले आधी 'हो' म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात अस्वस्थ होतात. त्या अस्वस्थतेतूनच मूलभूत हक्क, लिखित राज्यघटना आणि स्वतंत्र न्यायालय यांची गरज त्यांना स्वतःला पटते, आणि तशी पटलेली गोष्ट ती विसरत नाहीत.

मताधिकाराचा इतिहास येथेच आणावा, पण तारखांची जंत्री म्हणून नव्हे. 'लोक' या शब्दात कोणाकोणाची गणना होत होती, हा त्यामागचा प्रश्न आहे. प्राचीन अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी त्या गणनेत नव्हते. मात्र तेथील पाचशे जणांच्या मंडळाचे सभासद चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि निवडणुकीशिवायही लोकशाहीची कल्पना करता येते हे पाहून मुलांना विलक्षण कुतूहल वाटते. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना १८९३ मध्ये मताधिकार मिळाला, ब्रिटनमध्ये पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये, आणि स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर थेट १९७१ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या नागरिकांनी मिळून केलेले पहिले सार्वत्रिक मतदान १९९४ चे. मग विचारावे: १९७० मधील स्वित्झर्लंडला तुम्ही लोकशाही म्हणाल का? याचे एकच उत्तर नाही, आणि शिक्षकाने ते देऊ नये.

तिसरा टप्पा: बाजार वर्गात भरवावा (दोन तास)

मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा फळ्यावर काढून फुलीच्या जागी 'समतोल किंमत' लिहिणे सोपे आहे, पण ती किंमत कोणी ठरवली हे त्या आकृतीतून कळत नाही. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमधील आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्गातच खरेदी-विक्री करवून घेतली आणि त्यावर १९४८ मध्ये लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने, व्हर्नन स्मिथ यांनी, पुढे या प्रयोगात दोन बदल केले: बोली सर्वांना ऐकू येईल अशी लावायची आणि तोच बाजार अनेक फेऱ्यांत पुन्हा पुन्हा भरवायचा. त्यांचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. हा प्रयोग शाळेच्या वर्गात जसाच्या तसा करता येतो.

आठ ग्राहक आणि आठ विक्रेते निवडावेत, बाकीच्यांनी नोंदी ठेवाव्यात. ग्राहकांच्या कार्डांवर २०, १८, १६, १४, १२, १०, ८ आणि ६ असे आकडे लिहावेत. त्याहून जास्त टोकन देऊन त्यांनी वस्तू घ्यायची नाही. विक्रेत्यांच्या कार्डांवर ४, ६, ८, १०, १२, १४, १६ आणि १८ असे आकडे लिहावेत. त्याहून कमी किमतीत त्यांनी विकायचे नाही. आपले कार्ड कोणालाही दाखवायचे नाही. प्रत्येकाने एका फेरीत एकच वस्तू घ्यायची किंवा विकायची, बोली मोठ्याने लावायची, आणि सौदा ठरला की त्याची किंमत फळ्यावर लिहायची. पाच मिनिटांच्या चार फेऱ्या घ्याव्यात.

पहिल्या फेरीत किमती विखुरलेल्या असतात. कोणी सातला विकून बसतो, कोणी सतराला घेऊन बसतो. फळ्यावरचे आकडे पाहून दुसऱ्या फेरीत मुले सावध होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत बहुतेक सौदे बाराच्या आसपास येऊन स्थिरावतात. बारा हा आकडा कोणी सांगितलेला नसतो, आणि सगळी कार्डे वर्गात कोणीच पाहिलेली नसतात. विखुरलेली माहिती किमतीच्या रूपाने कशी एकत्र येते हे मुलांनी आता स्वतः करून पाहिलेले असते. बाजाराच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो पूर्ण ताकदीनिशी मांडला गेला पाहिजे.

मात्र येथेच थांबू नये, कारण प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांच्या कार्डांवर १०, ८ आणि ६ होते त्या तीन ग्राहकांना उभे करावे. ते जवळपास प्रत्येक फेरीत रिकाम्या हाताने परतलेले असतात. वस्तू म्हणजे खेळणे होते असे धरून त्यांना काय वाटले ते विचारावे. फारसे काही वाटलेले नसते. मग तीच वस्तू म्हणजे तापावरचे औषध होते असे धरावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. कार्डावरचा आकडा ग्राहकाची गरज दाखवत होता की त्याची ऐपत? बाजार या दोहोंत फरक करत नाही हे येथे मुलांच्या ध्यानात येते, आणि कोणत्या वस्तू बाजारावर सोडाव्यात व कोणत्या नाहीत या वादाचे मूळ त्यांना सापडते.

चौथा टप्पा: बाजार म्हणजे भांडवलशाही नव्हे (दीड तास)

बाजार फार प्राचीन आहेत. भांडवलशाही त्या मानाने अलीकडची आहे. फरक दाखवण्यासाठी सहा-सहा मुलांचे गट करून पाकिटे बनवण्याचा कारखाना काढावा. प्रत्येक गटात एक मालक असेल. कात्री आणि डिंक त्याचा, आणि सुरुवातीची वीस टोकनेही त्याचीच. कागद त्याने शिक्षकाकडून एका टोकनाला एक या दराने आगाऊ विकत घ्यायचा. नीट चिकटवलेले प्रत्येक पाकीट शिक्षक तीन टोकनांना विकत घेईल. बाकीचे पाच जण मजूर आहेत आणि मजुरी आपसात ठरवायची आहे. वेळ दहा मिनिटे.

एका वर्गात मालक झालेल्या मुलीने मजुरीचा विषयच काढला नाही. पाचही जण कौतुकाने पाकिटे चिकटवत राहिले, आणि वेळ संपल्यावर तिने शांतपणे सांगितले की प्रत्येकी एक टोकन मिळेल. त्यावर जो गदारोळ उठला, त्यातून करार, किमान वेतन, कामगार संघटना आणि कामाचे तास हे सगळे विषय मुलांनीच काढले. मला फक्त ते फळ्यावर लिहून घ्यावे लागले. तिची बाजूही ऐकून घेतली. कागद तिने विकत घेतला होता आणि पाकिटे खराब झाली असती तर नुकसान तिचेच झाले असते. जोखीम आणि नफा यांचे नाते तिच्या त्या दोन वाक्यांत आले होते.

दुसऱ्या फेरीत मजुरांना दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मुभा द्यावी आणि मजुरी कशी बदलते ते पाहावे. तिसऱ्या फेरीत कात्री सर्वांच्या सामाईक मालकीची करावी आणि मिळकतीची वाटणी मतदानाने ठरवावी. वस्तू तीच, बाजार तोच, किंमतही तीच. बदलली ती फक्त मालकी. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी काढलेल्या सहकारी दुकानात प्रत्येक सभासदाला एकच मत होते, हे तिसऱ्या फेरीनंतर सांगावे.

यानंतरच इतिहासातील ठळक टप्पे सांगावेत. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे समभाग अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी-विक्रीला आले, त्यामुळे अनोळखी माणसांचे पैसे एका उद्योगात एकत्र येऊ लागले. १७७६ मध्ये ॲडम स्मिथ यांनी टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन सांगितले की दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या बनवू शकतात. १८३३ मध्ये ब्रिटनच्या संसदेला बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. अ‍ॅडम स्मिथ आणि तो गिरणी कायदा एकाच तासात यावेत, असा माझा आग्रह आहे. एकच बाजू ऐकलेला विद्यार्थी पुढे दुसरी बाजू कळल्यावर शिक्षकावरचा विश्वास गमावतो, आणि ते योग्यच आहे.

पाचवा टप्पा: देशांना नकाशावर बसवावे (एक तास)

जमिनीवर खडूने दोन रेषा आखाव्यात. उभी रेषा पहिल्या प्रश्नाची: वर लोकशाही, खाली हुकूमशाही. आडवी रेषा दुसऱ्या प्रश्नाची: एका टोकाला सरकारी मालकी, दुसऱ्या टोकाला खाजगी. प्रत्येक गटाला देश आणि काळ लिहिलेले कार्ड द्यावे आणि ते कोठे ठेवायचे हे कारणासह सांगायला लावावे. काळ लिहिलेला नसेल तर कार्ड निरुपयोगी ठरते, कारण देश जागचे हलतात.

१९७३ ते १९९० मधील चिली हे कार्ड अवश्य असावे. लष्करी उठाव करून पिनोशे सत्तेवर आले, त्यांनी उद्योगांचे खाजगीकरण केले आणि बाजार खुला केला, पण विरोधकांना तुरुंगात टाकले आणि ठार मारले. १९८८ च्या सार्वमतात जनतेने त्यांना नकार दिला. म्हणजे खाजगी मालकी होती, लोकशाही नव्हती. दुसरे कार्ड १९४५ ते १९५१ मधील ब्रिटनचे. तेथे मतदारांनी निवडून दिलेल्या सरकारने १९४७ मध्ये कोळसा खाणी आणि १९४८ मध्ये रेल्वे सरकारी मालकीची केली, आणि पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत मतदारांनी निवडून दिलेल्या सरकारांनीच अनेक उद्योग पुन्हा खाजगी हातांत सोपवले. ही दोन कार्डे समोरासमोर ठेवली की पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या पायाशी पडलेले असते.

दक्षिण कोरिया आणि तैवान यांच्या कार्डांना बाण जोडावेत. दोन्ही देशांत उद्योग आधी वाढले आणि लोकशाही नंतर आली. कोरियात १९८७ च्या जनआंदोलनानंतर राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक पुन्हा सुरू झाली, तैवानमध्ये अशी पहिली निवडणूक १९९६ मध्ये झाली. यावरून 'बाजार आला की लोकशाही मागोमाग येते' असा नियम एखादा विद्यार्थी मांडेल. तेव्हा १९७८ नंतरच्या चीनचे कार्ड काढावे: तेथे बाजार खुला होत गेला, पण सत्ता एकाच पक्षाच्या हाती राहिली. स्वीडन कोठे ठेवायचे यावरही हमखास वाद होतो. तेथे कर जास्त आणि सार्वजनिक सेवा विस्तृत आहेत, म्हणून मुले तो सरकारी मालकीच्या टोकाला नेतात. पण तेथील बहुतेक उद्योग खाजगी आहेत. कर वसूल करणे आणि कारखान्याची मालकी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे स्पष्ट करावे.

सहावा टप्पा: दोन्ही व्यवस्था एकमेकींना कोठे भेटतात (दोन तास)

हा भाग सर्वांत कठीण आहे, आणि वेळ अपुरा पडला तर आधीच्या टप्प्यांतून वाचवावा, यातून नाही.

पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रत्येकाला दहा टोकने द्यावीत. प्रत्येकाने गुपचूप हवी तेवढी टोकने सामाईक पेटीत टाकायची. पेटीतील रक्कम दुप्पट करून पाचही जणांत सारखी वाटली जाईल, मग कोणी काही टाकलेले असो वा नसो. सर्वांनी सगळी टोकने टाकली तर प्रत्येकाकडे वीस होतात. पण चौघांनी दहा-दहा टाकली आणि एकाने काहीच टाकले नाही, तर पेटीतील चाळीसची ऐंशी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सोळा येतात. न टाकणाऱ्याकडे मात्र ही सोळा आणि स्वतःची दहा मिळून सव्वीस होतात. हे एकदा कळले की पुढच्या फेऱ्यांत पेटी रिकामी होऊ लागते. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सगळा गट तोट्यात जातो.

तिसऱ्या फेरीनंतर गटाला दहा मिनिटे द्यावीत आणि हवा तो नियम बहुमताने करण्याची मोकळीक द्यावी. काही गट प्रत्येकाने किमान सहा टोकने टाकलीच पाहिजेत असे ठरवतात, काही न टाकणाऱ्याला दंड लावतात, आणि एखादा गट केवळ नावे जाहीर करायचे ठरवतो. कोणताही नियम झाला तरी मुलांनी आपल्या हातांनी कर नावाची गोष्ट निर्माण केलेली असते. रस्ते, लसीकरण आणि न्यायालये यांची सोय केवळ खरेदी-विक्रीतून का होत नाही, आणि त्यासाठी सर्वांना बांधील असा निर्णय घेणारी यंत्रणा का लागते, हे त्यानंतर दोन वाक्यांत सांगून होते.

दुसऱ्या तासाला ताणाचा मुद्दा घ्यावा. मतपेटीपाशी प्रत्येक माणसाला एक मत असते. कंपनीच्या सभेत साधारणपणे प्रत्येक समभागाला एक मत असते. एका ठिकाणी माणसे मोजली जातात, दुसऱ्या ठिकाणी मालकी. समभागांचा जोर मतपेटीपर्यंत पोहोचला तर काय होते, आणि मतपेटीचा जोर कारखान्यात पोहोचला तर काय होते, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. पहिल्यासाठी अमेरिकेतील तेल व्यवसायात मक्तेदारी मिळवलेल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा प्रसंग उपयोगी पडतो. मक्तेदारीविरोधी कायदा निवडून आलेल्या प्रतिनिधींनी १८९० मध्ये केला, आणि त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाच्या १९११ च्या निकालाने त्या कंपनीचे चौतीस स्वतंत्र कंपन्यांत विभाजन झाले. दुसऱ्या प्रश्नासाठी ब्रिटनचे कार्ड पुन्हा हातात घ्यावे.

तिसरा प्रसंग जर्मनीचा. नाझी पक्षाला मे १९२८ च्या निवडणुकीत २.६ टक्के मते होती. १९२९ च्या महामंदीनंतर बेरोजगारी वाढत गेली आणि १९३२ च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेरोजगारांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली. जुलै १९३२ मध्ये त्या पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली. मार्च १९३३ मध्ये संसदेने कायदे करण्याचे अधिकार सरकारच्या हाती दिले. मुले चटकन म्हणतात की मंदीने लोकशाही मारली. तेव्हा विचारावे की अमेरिकेतही साधारण चौथा हिस्सा कामगार बेकार होते, तेथे निवडणुका का टिकल्या? संस्थांचे वय, सैन्याची भूमिका, राजकीय पक्षांची तडजोडीची तयारी अशी उत्तरे येऊ लागली की एका कारणाने सगळे सांगून टाकण्याची घाई थांबते.

शिक्षकाने आपले मत सांगावे का?

जर्मनीतील बॉयटल्सबाख येथे १९७६ मध्ये राजकीय शिक्षण देणाऱ्यांच्या चर्चेतून तीन तत्त्वे पुढे आली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडले जावे. विद्यार्थ्याला स्वतःचे हितसंबंध ओळखून परिस्थिती तपासता यावी. मी ही तत्त्वे पाळतो, पण दुसरे तत्त्व उलट बाजूनेही वाचतो: जे वादग्रस्त नाही ते वादग्रस्त म्हणून मांडू नये. कराचा दर किती असावा हा वाद आहे. मतमोजणीत खोटे आकडे लिहावेत का, हा वाद नाही. मुलांनी माझे मत विचारले तर दहावा तास संपल्यावर सांगेन असे म्हणतो, आणि त्याप्रमाणे ते सांगतो, त्याविरुद्धच्या सर्वांत चांगल्या युक्तिवादासह.

घरून आलेली मते ठाम असतात आणि त्यांचा अपमान होऊ देऊ नये. वाद चिघळला तर बाजू बदलण्यास सांगावे: प्रत्येकाने विरुद्ध बाजूचा युक्तिवाद असा मांडायचा की त्या बाजूच्या मुलाने "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हटले पाहिजे. तसे म्हटले जाईपर्यंत उत्तर देण्याची परवानगी नाही.

सातवा टप्पा: मूल्यमापन (अर्धा तास)

व्याख्या विचारू नयेत. एक काल्पनिक देश द्यावा: तेथे दर चार वर्षांनी निवडणूक होते, पण एकाच पक्षाला उमेदवार उभे करता येतात, शेती, दुकाने आणि कारखाने खाजगी मालकीचे आहेत, वर्तमानपत्रांना सरकारची परवानगी लागते. हा देश नकाशावर कोठे ठेवाल, तो वरच्या दिशेने हलवण्यासाठी सर्वांत आधी कोणता एक बदल कराल, आणि त्या बदलाला कोण विरोध करील? तिसऱ्या उपप्रश्नाला सर्वाधिक गुण ठेवावेत, कारण हितसंबंध ओळखता आले की नाही हे तेथेच कळते. निवडणूक होते म्हणून लोकशाही आहे असे लिहिणारे आणि दुकाने खाजगी आहेत म्हणून लोकशाही आहे असे लिहिणारे विद्यार्थी वेगवेगळ्या जागी अडलेले आहेत. पहिल्याला दुसऱ्या टप्प्याकडे परत न्यावे आणि दुसऱ्याला जमिनीवरच्या नकाशाकडे.

शेवटी पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या परत द्याव्यात. जुने उत्तर खोडू न देता त्याखाली वेगळ्या शाईने नवे उत्तर लिहायला सांगावे, आणि दोहोंत काय बदलले ते एका वाक्यात. काही चिठ्ठ्यांवर मत तेच राहिलेले असते, पण आधीच्या "कारण तसेच असते" या जागी आता चिलीचे वर्ष, बाराचा आकडा किंवा कात्रीची मालकी आलेली असते. अशा चिठ्ठीला पूर्ण गुण द्यावेत.